तेरा खुर्च्या

बशीर परकारला सगळं ठाऊक आहे.
जग तेराजण चालवतात.
गुदैबियातल्या आमच्या खोलीत, रात्री साडेअकराला,
डाळीत खुबूस बुडवत तो सांगतो :
युद्ध कुठे, रोग कुठला, तेलाचा भाव किती,
सगळं आधीच ठरलेलं असतं, शाईसुद्धा वाळलेली.
नोटेवरचा तो डोळा बघ, म्हणतो,
पापणीच मिटत नाही त्याची. झोपणार कधी?

खेडला मुलीच्या निकाहला जाता आलं नाही त्याला.
ऑफिसातून सांगितलं, या आठवड्यात जमणार नाही.
तेही त्यांनीच ठरवलं असणार.

सजीच्या मते ते आकड्यांतून येतात,
बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांतून.
इथे चर्च शुक्रवारी भरतं, तिथे कुणीतरी म्हणालं त्याला.
माझा मावसभाऊ पेणहून वेगळंच पाठवतो :
आपल्या ऋषींना सारं माहीत होतं, म्हणून तर दडपलं.
एरवी आमची एका बादलीवरून जुंपते.
पण ‘कुणीतरी आहे’ म्हटलं
की तिघांच्या माना एकदम हलतात,
आणि टेकबहादूर, जो कधीच बोलत नाही,
तोही टीव्हीचा आवाज कमी करतो.

मग मार्चमध्ये ती परिषद आली. आमच्याच हॉटेलात.
दारात हुंगणारी कुत्री, गच्चीवर बंदूकवाले,
आम्हा वाढप्यांना नवे पांढरे हातमोजे.
बशीर तळघरात, लाँड्रीत. टेबलक्लॉथ हातात देताना
हळूच म्हणाला, कान उघडे ठेव.
गोल टेबल. मी खुर्च्या मोजल्या.
तेरा.
परत मोजल्या.
जग थोडं सांडलं माझ्या हातून, ट्रेवर, पाणी म्हणून.

फिरलो ग्लास भरत.
एकाच्या पोटात गॅस झाला होता.
एकजण टेबलाखाली बूट काढून टाच खाजवत होता.
एक फार म्हातारा, समोरची पाटी फिरवून
वाचत होता नाव. स्वतःचंच.
एकाने बोटाने खुणावलं. आता कळणार, वाटलं.
वाकलो.
चार्जर मिळेल का, म्हणाला.

पडद्यावर निळा नकाशा आला आणि अडकला.
एक पोरगा घाम पुसत वायर उपटून पुन्हा खोचू लागला,
आणि तेवढा वेळ, सात मिनिटं,
तेराच्या तेराजण बंद पडलेल्या जगाकडे बघत राहिले,
एसी बंद पडला की आम्ही बसतो तसे.

रात्री बशीरला सांगितलं. गॅस. टाच. चार्जर.
तो बराच वेळ हाताला लागलेली डाळ बघत राहिला.
मग म्हणाला, तुला दाखवायला बसवले असतील ते.
खरे तेरा वरच्या मजल्यावर.

वरचा मजला मला माहीत आहे.
तिथे हिशेबाचं ऑफिस आहे, एक करडं कपाट,
तिसऱ्या खणात आमचे पासपोर्ट,
रबरबँडमध्ये, धर्माप्रमाणे नाही, देशाप्रमाणे नाही,
ज्या क्रमाने आलो त्या क्रमाने.
किल्ली नासिरकडे. माणूस चांगला, ईदला खजूर वाटतो.
किल्ली आपल्याकडे का,
हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.
विचारलं, तर म्हणाला, पद्धत आहे.

गेल्या डिसेंबरात नासिर आठ दिवस रजेवर होता.
किल्ली चुकून त्याच्याच थोबच्या खिशात राहिली.

दोनदा तोंड उघडलं मी बशीरला सांगायला.
पण एका खिशापायी बाप आला नाही, असं
लेकीला फोनवर कसं सांगणार तो?
त्यापेक्षा बसले असावेत ते तेराजण,
रात्रभर, दारं लावून, भरलेल्या ग्लासांसमोर,
आणि खेडच्या त्या एका निकाहवर
जगाचा बराच वेळ
खर्ची पडला असावा.